अंधारलागण

वार्दो बेटावर मे महिन्याच्या मध्यापासून
सूर्य मावळत नाही.
पाण्यापर्यंत उतरतो, टेकल्यासारखं करतो
आणि पुन्हा वर निघतो,
छत्री राहिली म्हणून दारातून मागे फिरलेल्या
पाहुण्यासारखा.

रात्री साडेदहाला शेजारचा ओडब्यर्न गवत कापतो.
त्याची नातवंडं सायकलवरून धक्क्यापर्यंत जातात, येतात,
आणि घंटी वाजवतात, उगीचच.
अशा वेळी चार वर्षांच्या सुन्निवाला
कोणत्या तोंडानं सांगायचं, रात्र झाली?
"खोटं," ती म्हणते आणि खिडकीकडे बोट दाखवते.
पुरावा तिच्याच बाजूनं.

पहिला आठवडा मी हरलो.
ओरडलो. ओरडलो म्हणून बिस्कीट दिलं.
बिस्कीट खाल्लं म्हणून पुन्हा दात घासायला लावले.
बारा वाजता ती कपाटावर, मी जमिनीवर.

आरोग्य केंद्रातली मारेत म्हणाली,
रात्र येत नसेल तर करावी लागते.
रोज तीच, त्याच क्रमानं,
आणि घड्याळाकडे न बघता.

तर आम्ही रात्र करायला घेतली.
साडेसातला आधी आवाज उतरवायचे:
रेडिओ, नळ, माझे बूट.
मग कोमट पाण्यात पाय, फक्त पाय,
दहा बोटं मोजून होईपर्यंत.
मग लोकरीचे मोजे. डावा आधी.
उजवा आधी चढला तर सगळं पहिल्यापासून.
मग लाकडी बोटीवर हातरुमाल,
कारण ती आईची बोट,
आणि आई तीन आठवडे समुद्रावर,
चार तास जागी, चार तास झोपलेली.
"झाकलं?"
"झाकलं."
"पाय?"
"बोटीला पाय नसतात."
"आईला असतात."

शेवटी जाड काळा पडदा, कडेनं लाकडी चिमटे.
दक्षिणेकडे माणसं संध्याकाळी दिवे लावतात म्हणे;
आम्ही अंधार लावतो, एकेक चिमटा करत.
आधी कपाट मावळतं, मग खुर्ची,
मग तिचं नाक.
बारावा चिमटा मोडलाय. तिथून उजेडाची चिंचोळी फट
पलंगावर तिरकी पडते.
"ती राहू दे," सुन्निवा म्हणाली, "मांजरासाठी."
आमच्याकडे मांजर नाही.

दहाव्या दिवशी ती आठव्या चिमट्याला पेंगली.
मी उरलेले चार हातात घेऊन बसून राहिलो,
खडखडतील म्हणून खाली ठेवले नाहीत.

काल राग्नहिल्ड परतली.
अंगाला डिझेलचा वास, डोळे टक्क उघडे,
जमीन हलत नाही म्हणून
भिंत धरून चालणारी.
दुपारी झोपायला गेली आणि छताकडे बघत पडली.
साडेसातला लेकीचे मोजे घेऊन बसली,
आणि तिनं उजवा आधी उचलला.
मी श्वास रोखला.

सुन्निवा रागावली नाही. मोजा तिच्या हातातून काढून घेतला.
"तू नव्हतीस ना," म्हणाली, "तुला माहीत नसणार."
आणि आईलाच स्टुलावर बसवलं,
तिचेच पाय पाण्यात सोडले, तिचीच बोटं मोजली.
अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, पेटी पडलेली त्यावर;
ते बोट दोनदा मोजलं.
मग बोटीवरचा हातरुमाल उचलून
जरा वेळ हातात धरला
आणि आईच्या पावलांवर घातला.
बोट उघडीच राहिली.

चिमटे मी लावले.
चौथ्याला आई झोपली, तोंड उघडं टाकून.
सातव्याला लेक, तिच्या काखेत.
फटीतला उजेड पलंगावर चढला
आणि आईच्या घोट्यापाशी मुटकुळं करून बसला.

तेवढ्यात बाहेर ओडब्यर्नचं यंत्र सुरू झालं.
मी मोज्यांवरच धावलो, कुंपणापाशी उभं राहून
ओठांवर बोट ठेवलं.
त्यानं आमच्या खिडकीकडे पाहिलं,
यंत्र बंद केलं,
आणि अर्धं कापलेलं गवत तसंच सोडून
टोपी डोळ्यांवर ओढत आत गेला.
ऊन लख्ख होतं.