बर्फखान्यामागची खोली

हर्णैला सुरीचं कुणाला काही वाटत नाही.
दोर कापते ती, सुरमईचं डोकं उडवते ती.
काम झालं की वाळूत खुपसून ठेवतात,
पोरंटोरं ओलांडून जातात.

मला भीती बिनकामाच्या सुरीची.
कुरिअरने येते, खोक्यात, फोमवर निजलेली.
बटण दाबलं की उघडते.
तिला मासळीचा वास नसतो.

एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग केलं.
कोयती पायावर पडलेली, पाकटाची नांगी लागलेली,
माणूस शिव्या देत यायचा, शिव्या देत जायचा.
मग एका शिमग्यापासून जखमा बदलल्या.
बरगडीखाली. मांडीच्या आतल्या अंगाला.
आणणारी पोरं गप्प,
आणि बाहेर मोटरसायकल चालूच.

झिशान बुरोंडकरला मी धरून बसले होते.
सतरा वर्षांचा.
ओव्हरआर्मच्या सामन्यातला एक रनआऊट,
आणि त्यावर कुणीतरी टाकलेली हसरी रील.
डॉक्टर दापोलीहून निघाले होते.
सोळा किलोमीटर म्हणजे किती,
ते माझ्या तळहाताला ठाऊक आहे.

निवृत्त झाले आणि ही खोली मागितली.
खोली कसली, डिझेलचे कॅन ठेवायची जागा.
सोसायटीने भाडं माफ केलं, म्हणाले, फलक तेवढा लावा.
नाही लावला. फलक वाचून पोरं येत नाहीत,
चार्जिंगला येतात.
पाच प्लग, एक कॅरम, त्यात राणीच्या जागी कोटाचं तांबडं बटण.
महिन्यातून दोन गुरुवार चिपळूणहून समुपदेशक बाई.
पहिले तीन महिने त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडलं नाही.
मग बाई पोरांकडूनच जाळं विणायला शिकल्या.
हात गुंतले की माणूस खाली बघून बोलतो.

आणि पत्र्याची पेटी.
कुलूप माझं, किल्ली इब्राहिम तांडेलाच्या गळ्यात.
तो समुद्रावर गेला की किल्लीही समुद्रावर.
मुद्दाम.

वहीत रकाने तीन:
काय ठेवलं, कधी ठेवलं, कधी नेलं.
नावाचा रकानाच नाही.
हवालदार दोनदा वही बघायला आले,
दुसऱ्या वेळी कॅरम खेळून गेले.

परवा रात्री दीडला मंथन जाक्कर दारात.
"मावशी, माजी वस्तू दे."
मी नाही म्हटलं नाही.
नाही म्हणायचं नाही, एवढा एकच नियम या खोलीला.
"देते. किल्ली लाँचवर आहे, उजाडता येईल. बस तोवर."
"मना आत्ताच हवी."
"हवी तर खरी. पण किल्ली पाण्यावर आहे ना रे."

शिव्या दिल्या. दिल्या तशा ऐकल्या.
खुर्चीला लाथ मारली,
मग तीच खुर्ची उचलून सरळ ठेवली.
ते मी बघितलं, बोलले नाही.
चहा केला, कोराच, दूध संपलं होतं.
तीनच्या सुमाराला तो भिंतीला म्हणाला,
"बापाने जेटीवर मारलं. लिलाव चालू होता.
ते सगळे हसले."
पुढे काही नाही.
बर्फाचं यंत्र घरघरत राहिलं,
मी त्याला उलगडायला एक गुंता दिला,
तो त्याने घेतला.

पहाटे होड्या लागल्या.
इब्राहिम वाळूतून चालत आला, लुंगी भिजलेली,
गळ्यातली किल्ली काढून त्याने माझ्या हातावर ठेवली.
मंथनने किल्ली बघितली. पेटी बघितली.
"उद्या नेतो," म्हणाला.

हा उद्या किती लांबचा, मला माहीत नाही.
तिसरा रकाना कोरा आहे, शाई घातलेलं पेन शेजारी.
तो खाली जेटीवर गेला, पाटी उचलायला वाकला,
शर्ट पाठीवरून वर सरकला.
कमरेला काही नव्हतं.
तेवढं बघितलं
आणि मग मी झोपायला घरी गेले.