वर्ग त्रेचाळीस

गंगरबाईंचं ऑफिस सायनला, चष्म्याच्या दुकानावर.
जिना इतका अरुंद की बाबा आडवे होऊन चढले.
मी पर्समधून यादी काढली. सतरा नावं,
वाण्याच्या बिलाच्या पाठीवर, तीन शायांत.

‘मालवणी चव’? नाही. जे विकता तेच नाव चालत नाही.
‘घाटला कट्टा’? गाव कुणा एकाच्या मालकीचं नसतं.
‘सोलकढी’ला बाई हसल्या : उद्या कुणी ‘चहा’ मागेल.
‘अन्नपूर्णा’ टाइप केलं आणि यादी
खाली खाली सरकत राहिली,
बाई पाणी पिऊन आल्या तरी संपली नाही.
म्हणजे खरं नाव ठेवायचंच नाही, मी म्हटलं.
खरं ठेवा, त्या म्हणाल्या, फक्त सरळ नको.

मग शेवटचं काढलं, जे मुळात पहिलं होतं : ‘रावजी’.
बाबांचं नाव. रेशनकार्डावरचं,
उखाण्यापलीकडे आईने कधी न घेतलेलं.
तेही गेलेलं. सुरतेचा कुणी फरसाणवाला,
इंदूरला एक, शिवाय कुठलासा मसाला.

बाबा तोवर गप्प, खुर्चीच्या टोकाला,
कुणी उठवलं तर पटकन उठता यावं असे.
म्हणाले, ‘बारक्या बघा.’

एकाहत्तर साल, बोराबाजार, दहा वर्षांचा पोर,
खांद्यावरचं फडकं त्याच्याहून लांब.
ए बारक्या, दोन कटिंग. बारक्या, टेबल पूस.
मिशी फुटली, बारक्या. लग्न झालं, बारक्या.
मी झाले तेव्हा शेठने पेढे पाठवले,
पुड्यावर पेन्सिलीने : बारक्याच्या पोरीला.
अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघे गेले
आणि पांढऱ्या केसांचा बारक्या घरी आला.

बाईंनी टाइप केलं. पडदा कोरा.
‘एकही नाही!’ टाळी वाजवायच्याच बाकी होत्या.
वर्ग त्रेचाळीस, म्हणजे खानावळी, हॉटेलं, चहाची दुकानं.
संबंध देशात
हे नाव कुणालाच नको होतं.

मी म्हटलं, नाही. पाटीवर नाही.
शिवी कुणी दिवे लावून टांगतं का?
बाबा म्हणाले, ‘शिवी न्हय ती. हाक.
आणि मी दर हाकेक गेलंय.’

अर्जात रकाना : शब्दाचा अर्थ.
मी ‘लहान’ लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
पुढचा रकाना : नाव वापरात केव्हापासून?
‘एकाहत्तर,’ बाबा.
पुरावा लागेल काका, बिलं, जाहिरात, काहीतरी.
बाबांनी बाही वर सारली.
मनगटाच्या वर किटलीचा डाग, वाटीएवढा.
बाईंनी चष्मा सरसा करून तो पाहिला,
नीट, घाई न करता,
आणि रकान्यात भरलं : प्रस्तावित.
फी साडेचार हजार. पावती बाबांनी खिशात ठेवली, माझ्या नाही.

पाटी आली. देवनागरी वर, ठसठशीत, नियमाप्रमाणे.
कोपऱ्यात दोन इंग्रजी अक्षरं, मुंगीएवढी.
‘ह्यां बारीक काय लिवलां?’
म्हटलं, आता हॉटेलात हे नाव
दुसऱ्या कुणाला वापरता येणार नाही.
‘खयच्याच हॉटेलात?’
हो. कायद्याने.
(ते तितकंसं खरं नव्हतं.)
बाबा मान वर करून उभेच राहिले,
रंगारी शिडी आवरून गेला तरी.
‘मगे बरां झालां.’

पहिल्या दिवशी तीन नंबरवरून कुणी मोठ्याने म्हणालं, बारक्या!
पाटी वाचत होता की बोलावत होता, कळलं नाही.
आमचा अफरोज पाण्याचा जग घेऊन वळेपर्यंत
गल्ल्यावरून बाबा उठले होते.