उचलणे

पनवेल कोर्टाच्या फाटकाबाहेर, झेरॉक्सवाल्याच्या छत्रीखाली
माझं टेबल.
पानाला साठ रुपये, शुद्धलेखन धरून.

निकेश हसुराम मुंडकर, वय चौतीस, धंदा चालक,
समोरच्या स्टुलावर बसताना आधी गाडीची चावी ठेवतो,
मग पावती.
पावतीवर छापलंय:
विमानतळाच्या हद्दीत विनापरवाना प्रवासी उचलणे.
दंड अमुक. जामर काढण्याचे वेगळे.

‘मी उचललं नाय मॅडम, ती आपली आपण बसली.’
मस्कतहून आलेली नर्स, रात्री पावणेतीनची वेळ,
काउंटरवरच्या टॅक्सीचा भाव ऐकून मागे फिरलेली,
दोन बॅगा ओढत पुलाखालपर्यंत चालत आली.
पुलाखालचा तो खांब हद्दीत की हद्दीबाहेर,
एवढाच वाद आहे.
ॲपचा नकाशा म्हणतो, बाहेर.
कंत्राटदाराचा म्हणतो, आत.
तिसरा नकाशा संपादनाच्या वेळचा,
हसुरामच्या ट्रंकेत, घडीवर फाटलेला.
त्यात खांबच नाही.

उचलणे.
अठरा वर्षं टाइप करतेय, बोटांना पाठ आहे हा शब्द.
पोलिसांनी रात्री उचलला.
दिरांनी दागिने उचलून नेले.
वीटभट्टीवरची उचल, ती फिटायच्या आत मेलेला माणूस.
पण या पोरानं अर्ध्या तासात तो शब्द
जॅक लावल्यासारखा माझ्यासमोर वर वर नेला:
डोंगर उचलला, सुरुंगाआधी भोंगा व्हायचा,
आम्ही शाळेच्या बाकाखाली.
नदी उचलून पल्याड ठेवली.
बापदेव उचलला देवळातून, भटजी आणून, बँड लावून.
पत्रे उचलले, वासे उचलले.
आयेची चूल उचलेना, ती फोडली.

या सगळ्याला परवाना होता.

‘जामर कोणी लावला?’
तो चावी फिरवत राहतो.
चुलतभाऊ. प्रकल्पग्रस्तांच्या यादीतून लागलाय कंत्राटावर.
तोंडाला रुमाल होता, पण चालण्यावरून कळलं.
खाली बसून चाकाला कुलूप घालताना
‘काकी बरी हाय ना?’ असं विचारलं त्यानं, हळूच.
नाव लिहू?
‘नको. एक इसम लिहा.’

मग म्हणतो, हे पण लिहा,
जिथं जामर लावला तिथं बाबाचं तलाव होतं.
जिताडं. एकेक हाताएवढं.
पाणी उपसायच्या दिवशी सगळी आळी चिखलात,
तो इसमसुद्धा.
मी लिहिते. परिच्छेद सहा.

ठोसर वकील चष्मा कपाळावर ढकलून वाचतात.
‘अप्रस्तुत. आपला मुद्दा मोटारीच्या परवान्याचा आहे,
माशांचा नाही. काढा.’
काढते.
साताचा सहा होतो, आठाचा सात.
आकडे आपोआप वर सरकतात,
मशीनला तेवढं शिकवलेलं असतं.

राहणार, हा रकाना अजून रिकामा.
तो जुन्या गावाचं नाव सांगतो,
आधार कार्डावर सेक्टर आणि प्लॉट.
कार्डाप्रमाणे लिहावं लागतं, मी म्हणते.
तो हसतो. कार्डाप्रमाणेच राहतो म्हणा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, समजला, खरा व बरोबर आहे.
मी वाचते, तो ऐकतो,
दुसऱ्या कुणाची हकीकत ऐकावी तसा,
मधेच मान हलवून, बिचारा म्हणाल्यासारखा.

सहीला पेन टेकवतो तेवढ्यात फोन वाजतो.
पिकअप: विमानतळ, टर्मिनल.
भाडं चांगलं आहे.
पडद्यावरचं हिरवं कडं कडेनं झिजत चाललेलं,
बारा सेकंद, अकरा.
तो माझ्याकडे बघतो, मग वकिलांच्या रिकाम्या खुर्चीकडे,
मग अंगठा काचेवर धरून ठेवतो, न टेकवता.

मी साठ गुणिले चार करत होते,
सुट्टे शोधत होते ड्रॉवरमध्ये.
त्यानं घेतलं की सोडलं,
पाहायचं राहिलं.