अहवालात एक्केचाळीस बाळं

शनिवारी आमच्या कॉलेजची खेचरगाडी निघायची.
उकळलेल्या बाटल्या, दोन पाट्या, तापमापी,
आणि कोठीतून उसना घेतलेला पिठाचा काटा,
वर मिस क्रम्पनी घडी घालून ठेवलेलं फ्लॅनेल,
बाळांना लोखंड गार लागू नये म्हणून.
गाडीवर रंगवलं होतं 'विस्तार कार्य',
रंग पुरला नाही,
'कार्य' जरा फिकटच.

मी एकोणीस वर्षांची. बूट चावणारे.
दूध उकळा, विहीर झाका, माश्या हाकला,
पाठ केलेलं घडाघडा बोलायचे.
बायका ऐकायच्या,
पाहुणीचं ऐकून घेतात तसं.

ओडेसा टिलमननं पोरगी काट्यावर ठेवली.
साडेअकरा पौंड.
पोरगी उचलली तरी तिची नजर दांडीवरच.
"यावर आणखी काय तोलतात?"
पीठ, म्हटलं. साखर.
"आणि कापूस?"

अलाबामातली ती रात्र. चर्चमध्ये एकच कंदील.
अकरा जणी आल्या पोती ओढत,
मालकाच्या जिनवर दुपारीच वजन झालेली,
उद्या गाडीत भरायची.
तिथे बहात्तर. इथे ऐंशी.
तिथे सदुसष्ट. इथे पंचाहत्तर.
कोणी ओरडलं नाही.
एकीनं नुसती पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली,
नाही, पदर नव्हता तो, ॲप्रन होता.
मला इतक्या वर्षांनी हात तेवढे आठवतात.

ओडेसा म्हणाली, "आठ कसा काढतात?"
तिनं तोवर पाटीला बोट लावलं नव्हतं.
नाव नको म्हणाली, नाव मला ठाऊक आहे.
एकावर एक दोन वेटोळी,
गिरवत बसली वात संपेपर्यंत.

पंधरवड्यानं प्राचार्यांच्या खोलीत एक गृहस्थ आले,
हॅट न काढता बसले.
काटा कोठीत परत गेला.
अहवाल मी लिहिला, सुवाच्य अक्षरात:
बाळं एक्केचाळीस, झाकलेल्या विहिरी तीन.
मिस क्रम्पनी वाचला,
माझ्याकडे पाहिलं, सही केली.

नोव्हेंबरात गेलो तेव्हा गाडीत फक्त पाट्या.
चर्चच्या दाराला ओढ्यातले सात गोटे टेकवलेले,
लहान, मोठा, त्याहून मोठा,
प्रत्येकावर कोळशाची खूण.
त्या रात्री मी झोपल्यावर
काटा आणखी बराच वेळ चालला होता म्हणे.

"दार आपटतं वाऱ्यानं,"
ओडेसा म्हणाली,
मी काही विचारलं नव्हतं तरी.