अल्प परिचय

नगरपरिषदेनं अर्धं पान मागितलंय.
'हद्दवाढीतील वसाहती : अल्प परिचय.'
अर्ध्या पानात आधी नावच बसत नाही.
सातबाऱ्यावर आम्ही गट नंबर एकशे चौदा, पोटखराब,
मतदारयादीत वाढीव गावठाण,
आणि ज्या नावावर आमची पत्रं आली
ते ठेवलं एका कंडक्टरनं.
रात्रीची शेवटची गाडी सड्यावर चढली
की तो अंधारात ओरडायचा, "खाणीवर कोण?"
आणि मागच्या बाकावरून एकच हात वर यायचा,
दत्ताराम फटकऱ्यांचा.

पहिलं घर त्यांचं. अठ्ठावन्न साली की साठ,
यावरून त्यांचे दोघे मुलगे अजून एकमेकांशी बोलत नाहीत.
चिरे स्वतःच तोडलेले,
जेवढं घर वर गेलं तेवढा खड्डा खाली.
मुलं खाली उतरून खेळायची.
खड्ड्याला त्या घराच्या खोल्या होत्या,
माजघरसुद्धा.

मग पाटबंधाऱ्यातले कारकून आले,
बदलीवरच्या गवाणकर नर्सबाई,
खाडीपलीकडच्या सोलकरांची थोरली पाती.
कुणाचे बापजादे इथले नव्हते.
गावकर नाही, राखणदार नाही,
मान कुणाचा म्हणून भांडायचं
तर मानच नव्हता.
शिमग्यात पालखी आमच्या फाट्यावरून वळायची
(देवाच्या हद्दीत आम्ही नव्हतो)
आणि आम्ही ढोल ऐकत दारात उभे.

एकविसाव्या वर्षी नर्सबाई रस्त्यात उभ्या राहिल्या,
ड्यूटीवरून आलेल्या, हातात छत्री.
"तुमच्या अर्ध्या गावाची नाळ मी कापलीय.
आता वळून दाखवा."
खूप वेळ कुणी बोललं नाही. मग पालखी वर आली.
सहाण कुठली? वीज मंडळाचा रिकामा ड्रम पडलेला,
तो आडवा केला, त्यावर घोंगडी.
आता टाइल्सची सहाण आहे, वर देणगीदारांची नावं.
ड्रमखाली अब्बास सोलकर कोंबड्या झाकतो.

सड्यावर मार्चात गवत पेटतं.
शहरातून बंब निघून चढण चढेस्तोवर
विझवायला काही उरत नसे,
म्हणून थांब्याच्या शेडला रुळाचा तुकडा टांगला.
तीन ठोके वणवा, दोन टँकर,
एक म्हणजे कोणीतरी गेलं.
ऐनाचे टहाळे घेऊन सगळी माणसं धावत,
हेडमास्तर ओदेकर लुंगीवर,
आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांना भुवया नसत.
एका वर्षी आम्ही दीडशे कलमं वाचवली.
मालक मुंबईला. त्यांनी पाचशे रुपये पाठवले
आणि छापील आभारपत्र.
पाचशेत बॅटी आल्या, एक यष्टी कमी पडली.
पत्र दफ्तरात आहे, वाळवीनं 'आपला' तेवढा खाल्लाय.

टँकरच्या रांगेत काय काय झालं ते लिहीत नाही.
त्या रांगेत दोन लग्नं जमली,
आणि सुभद्रा बेर्डेंनी हंडा ज्याच्या डोक्यात घातला
तो आता नगरसेवकपदाला उभा आहे.

शेवटची ग्रामसभा गेल्या मेमध्ये.
विषय एकच, शहरात जायचं की नाही.
हात मीच मोजले.
एकशे बारा. एकशे नऊ.
दोनदा मोजले, कारण नर्सबाईंचा हात
वर नव्हता, खालीही नव्हता, छत्रीवर होता.
नळाचं आश्वासन होतं, घरपट्टीचं कोणी बोललं नाही.
मोजणाऱ्याचा हात कुठे होता
हे प्रोसिडिंगात येत नाही.

नळ आला. दिवसाआड, पहाटे साडेतीनला.
गाडीवर आता 'प्रभाग सोळा' अशी लाल अक्षरं धावतात
आणि फलक बंद पडला की
ड्रायव्हर उतारूंना विचारतो, कुठं थांबायचं.

परवा ओव्हरसियर येऊन गेला, टेप लावून.
खड्ड्यात भराव टाकणार, वर उद्यान,
घसरगुंडी वगैरे.
त्यानं मापं घेतली, मी टेपचं टोक धरलं.

अर्धं पान कधीच भरलं. शब्दमर्यादेमुळे
वणवा काढला, छत्री काढली, ड्रम राहू दिला.
तळाशी दोन ओळींची जागा होती, तिथं शेरा लिहिला :
खड्डा क्रमांक एक बुजवण्यापूर्वी
फटकऱ्यांच्या दोन्ही मुलग्यांना बोलवावे. एकाच वेळी.
आत खोल्या आहेत.