गोणी

युद्धाच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी,
माझगावातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
स्टुलावर चढून मी काचांना काळा कागद लावत होतो.
खळीची वाटी उजव्या हातात होती.
मग नव्हती.
ती पडल्याचा आवाज मी ऐकला,
कोणाची पडली म्हणून वाकून बघितलं.

डॉक्टर केरावाला आले ते बॅटरीला निळा कागद गुंडाळून.
तळपायावर किल्ली ओढली,
द्वारकेला दाराबाहेर नेऊन काय ते सांगितलं.
मला सगळं समजलं.
समजण्याची बाजू शाबूत होती.
इस्पितळातल्या खाटा जखमींसाठी राखलेल्या.
बरोबरच. मी काही जखमी नव्हतो.

छत्तीस वर्षं गोदीत टॅली क्लार्क.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
गहू, खजूर, गंधक,
माझ्या वहीत एक गोणी इकडची तिकडे झाली नाही.
आता पाणी मागायला तोंड उघडलं
तर बाहेर आलं, गोणी.
जीव एकवटून, सावकाश, पुन्हा
गोणी.
द्वारकेने खाटेखाली वाकून पाहिलं.

भोंगा झाला की सगळी बिऱ्हाडं जिन्याखाली जात.
"केळुसकरांना चौघांनी उचलू," कोणी म्हणालं,
आणि त्या आकड्यापाशी सगळेच थबकले.
मी डावा हात हलवून नको म्हणालो.
द्वारका ट्रंकेवर बसून राहिली, गेली नाही.
अंधारात तिच्या बांगड्या मोजत मी पडून असायचो.

कडेची एक काच माझ्याकडून राहिली होती.
वॉर्डन खालून शिट्ट्या मारायचा,
"तिसरा मजला! कडेची काच!"
तिथे द्वारकेने आपला परकर टांगला.

मेहुणा म्हणाला, "तुमच्या अंगात अर्धा ब्लॅकआउट झालाय."
हसलो. हसू डावीकडेच उतरलं.
शेजारणीने कबुतराच्या रक्ताचं मालिश सुचवलं.
कबुतरं खिडकीतच घुमत होती, बिनघोर.
द्वारका म्हणाली, सध्या मारामाऱ्या चालल्यात तेवढ्या पुरे.

तिनेच डाव्या हातात पेन्सिल दिली.
भिंतीवर दर भोंग्याला एक रेघ,
प्यालेल्या हमालांसारख्या, एकमेकींवर रेललेल्या.
पाचवी आडवी काही जमेना.
सगळ्या उभ्याच राहिल्या, हिशेब न लागता.

दिवे लागले त्या रात्री मजल्यामजल्यावर पेढे.
माझा दुधात कुस्करून, चमच्याने.
अर्धा हनुवटीवरून गळ्यात गेला.
रस्त्यात फटाके, कोणी माझ्याकडे बघत नव्हतं,
तेवढ्यात रडून घेतलं.
द्वारका काचेवरचा कागद नखांनी खरवडत होती.
माझी खळ पक्की, निघेना.
परकर मात्र एका झटक्यात उतरला.

मला ठसका लागला.
तिने मागे न वळता पिंटोच्या धाकट्याला सांगितलं,
"आजोबांना जरा गोणी दे रे."
पोरगा माठाकडे गेला.
विचारलंसुद्धा नाही त्याने.