दोन नंबरची चूक

चिमणबागेच्या मैदानावर यंदा
फ्रेंच फ्राइजचाही तंबू लागलाय.
फ्लेक्सवर स्पेलिंग चुकलंय,
पण तेल ताजं, असं घनश्याम भिया शपथेवर सांगतो
आणि न विचारता वरून जिरावन भुरभुरवतो.
नुसतं मीठ, त्याच्या मते,
आजारी माणसाला.

मी स्कोअरर. दिवसाचे अडीचशे, चहा, एक टोपी.
मांडीवर पॅड, कानावर पेन्सिल,
डाव्या हातात पुडा.
उजवा कोरडा ठेवायचा, सकाळीच बजावलं होतं स्वतःला.
तिसऱ्या इनिंगपर्यंत पाळलंही.
मग एक लांबडी, टोकाला करपलेली,
बाकीच्यांच्या खालून वर आली
आणि उजव्या हाताने परस्पर उचलली.

बटाटा तोच, महूकडचा.
घरी याच्या काचऱ्या केल्या
तर कुणी ताटातून मान वर करत नाही.
इथे उन्हात, शिट्ट्यांत, धुळीत
तोच उभा चिरला की चाळीस रुपये,
आणि मी देते.

आमच्या वेळी तंबू नव्हता.
कोतवाल सर होते.
सामन्याआधी उकडलेले हरभरे, अर्धं केळं,
तळलेलं वर्ज्य.
ओळीत उभं करून बोटं हुंगायचे,
खोटं नाही सांगत, एकेकीची बोटं.

अठ्ठ्याऐंशीच्या फायनलला
मी आणि हेमा रेगे मागच्या फाटकातून सटकलो.
डिसेंबर. गराडू.
कढईतून दुसऱ्यांदा तळून निघालेले,
वर लिंबू, जीभ भाजेल इतके गरम.
हात शर्टाला पुसले.
सर नेमके त्या दिवशी हुंगायचे विसरले.
शेवटच्या इनिंगला त्यांची पोरगी दुसऱ्या बेसकडे सुटली,
मी बॉल काढला, फेकला,
आणि तो साबणाच्या वडीसारखा निसटून
हेमाच्या डोक्यावरून थेट सेंटरला.
भोपाळ जिंकलं.
होतं असं, सर म्हणाले.
त्यानंतर हेमाच्या लग्नात, तिच्या नवऱ्याच्या तेराव्याला,
आम्ही दोघी सगळं बोललो.
गराडू सोडून.

आज खरगोनची कॅचर, रक्षा पाटीदार, सोळा वर्षं,
पाचव्या इनिंगआधी तंबूपाशी दिसली होती मला
मास्क कपाळावर ढकलून
दोन बोटं चाटताना.
आणि आता तिने दुसऱ्या बेसकडे फेकलेला बॉल
कुठे जाणार
ते तिच्या मनगटाआधी मला कळलं.

अंपायर माझ्याकडे बघतो.
लिहायचं एवढंच: ई-दोन.
कॅचरची चूक. एक अक्षर, एक आकडा.
पण नेमका त्याच चौकोनावर माझा अंगठा टेकून गेलाय.
कागद तिथे काचेसारखा झालाय,
पाठीमागचा सकाळचा सामना
उलटा दिसतो त्यातून,
आणि पेन्सिल उमटत नाही.
गिरवलं. पुन्हा गिरवलं.
टोक मोडलं.

"क्या दिया, मॅडम?"

रक्षा उकिडवी बसून
पंजा मातीत घासते आहे.
मीही घासला होता.
माती तेल काढते, काढत नाही असं नाही,
फक्त उशिरा.

"एरर," मी म्हणते, आणि शेजारच्या पोराकडून
बॉलपेन मागून घेते.
पेन उमटतं. निळं, जरा पसरतं.
पुड्यात चार उरल्यात,
गार, माना टाकलेल्या.
त्या खाते. तळाचं जिरावनही.
घनश्यामला खूण करते: अजून एक.
थांब, दोन.

सहावी इनिंग सुरू होते.
कुणी बघत नाहीये असं पाहून
मी माझी बोटं हुंगते.